मुंबईच्या हॉलमधली ती गोष्ट मी अर्धीच सांगत होतो



आजचा लेख म्हणजे एक कबुली आहे. व्हिडिओत सांगायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

माझे व्हिडिओ नियमित बघणाऱ्यांना 'स्पंजच्या बॅटची गोष्ट' पाठ असेल. रामदासपेठेतल्या आपल्या शनिवारच्या बॅचमध्ये तर मी ती इतक्यांदा सांगितली आहे, की मागच्या रांगेतले जुने लोक माझ्या आधी शेवट सांगून मोकळे होतात. ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

फेब्रुवारी १९५२. मुंबईत टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. ही स्पर्धा आशियात पहिल्यांदाच होत होती. जागा कावसजी जहांगीर हॉल, म्हणजे काळा घोडा भागातली ती इमारत, जिथे आज राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. जपान या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. त्यांच्या संघात हिरोजी सातो नावाचा एक चष्मेवाला, किरकोळ अंगाचा खेळाडू होता आणि त्याच्या बॅटवर होता जाड स्पंज.

तोपर्यंत बॅटवर दाणेदार रबर असायचं. चेंडू लागला की 'टक' असा आवाज यायचा आणि त्या आवाजावरून समोरचा खेळाडू फटक्याचा अंदाज घ्यायचा. सातोच्या बॅटमधून आवाजच येईना! चेंडू कधी सुटला, किती जोरात आला, काही कळेना. मार्टी राइसमनसारखा अमेरिकेचा बडा खेळाडू त्याच्याकडून हरला. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून सातो जगज्जेता झाला.

इथे मी थांबायचो, फळ्याकडे वळायचो आणि मोठ्या अक्षरात लिहायचो: 'तुमचा स्पंज कोणता?' मग टाळ्या पडायच्या.

त्यातली एक टाळी एका ताईंना फार महागात पडली.

साडेबाराचा डबा

या ताई आपल्याच भागात डबे देतात. रामदासपेठ आणि शेजारचं धंतोली म्हणजे दर दोन इमारतींआड एक हॉस्पिटल. बाहेरगावहून आलेले पेशंट, त्यांच्यासोबतचे नातेवाईक. यवतमाळ, वर्धा, गोंदिया, चंद्रपूर, पार छिंदवाड्याकडून लोक येतात. पेशंटला काय खायला द्यायचं हा त्यांचा रोजचा प्रश्न. ताईंनी बरोबर तिथे बोट ठेवलं होतं: सावजीच्या गावात बिनतिखटाचा, कमी तेलाचा पथ्याचा डबा. दुपारी साडेबाराला म्हणजे साडेबाराला. रोज साठ डबे जायचे. जाहिरात शून्य. एक पेशंट घरी गेला की बाजूच्या खाटेवरचा नंबर मागून घ्यायचा.

माझ्या बॅचला आल्या तेव्हा त्यांना फक्त हिशेबाची वही नीट ठेवायला शिकायचं होतं. मी काय केलं? स्पंजची गोष्ट सांगितली. वर विचारलंही, "डबे तर सगळेच देतात ताई, तुमच्यात वेगळं काय?" मला वाटलं, मी त्यांना मोठा विचार करायला लावतोय.

त्यांनी विचार केला. बचत गटातून कर्ज काढलं, वॅफलची मशीन घेतली, मोमोचं साहित्य घेतलं आणि संध्याकाळचा स्टॉल टाकला. पहिले तीन आठवडे गर्दी झाली. मग पलीकडे आणखी दोन स्टॉल आले, त्यांनी दर पाडले. सातव्या महिन्यात ताईंनी स्टॉल बंद केला.

मला भेटायला आल्या तेव्हा आवाजात राग नव्हता. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"मशीन विकून टाकली सर. अर्ध्या किमतीतच गेली."

"आणि डबे?"

"चालू आहेत नं. पण पस्तीसवर आले. मी तिकडे धावून राहिली होती, अन् इकडे साडेबाराचा डबा दीडला जाऊन राहिला होता. पेशंटचा डबा आहे सर. दोनदा उशीर झाला की लोक दुसरा लावून घेतात."

मी फी परत देऊ केली. त्यांनी घेतली नाही. उठता उठता म्हणाल्या, "एक विचारू का? तो सातो पुढच्या वर्षी पण जिंकला का हो?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं गोष्ट सांगतोय आणि 'पुढे काय झालं' हे मी कधी पाहिलंच नव्हतं!

"अन् बायकांमध्ये कोण जिंकलं होतं?"

तेही माहीत नव्हतं.

त्याच हॉलमधली दुसरी गोष्ट

त्या रात्री मी शोधायला बसलो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. नाही. सातोचं एकेरीचं जागतिक विजेतेपद तेवढं एकच. मुंबई, १९५२, संपलं. पुढच्या वर्षीच्या बुखारेस्टच्या स्पर्धेत जपान उतरलाच नाही आणि त्यानंतर जपानचं नाव गाजवलं ते इचिरो ओगिमुराने, १९५४ साली लंडनला.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने मात्र मला झोपू दिलं नाही.

मुंबईत महिला एकेरी जिंकली रोमानियाच्या अँजेलिका रोझेआनुने. तिच्या हातात काही जादूची बॅट नव्हती. सगळे ज्या दाणेदार रबराने खेळायचे त्यानेच ती खेळत होती. अंतिम सामन्यात समोर हंगेरीची गिझी फारकास. फारकास म्हणजे कोणी नवखी नाही. १९४७, १९४८ आणि १९४९ अशी सलग तीन वर्षं ती स्वतः जगज्जेती होती. तिला रोझेआनुचा खेळ ठाऊक होता, रोझेआनुला तिचा. लपवायला काही नव्हतं. तरी रोझेआनु जिंकली.

आता वर्षं मोजा. १९५० बुडापेस्ट, १९५१ व्हिएन्ना, १९५२ मुंबई, १९५३ बुखारेस्ट, १९५४ लंडन, १९५५ उट्रेक्ट. सलग सहा वेळा महिला एकेरीची जगज्जेती.

एकाच हॉलमध्ये, एकाच स्पर्धेत दोन विजेते. एकाची गोष्ट मी बॅचमागून बॅच रंगवून सांगितली, दुसरीचं नावही घेतलं नाही. का? कारण पहिलीत चमत्कार आहे, दुसरीत रियाज आहे. चमत्कारावर टाळ्या मिळतात.

आणखी एक नाव मी कधी घेतलं नव्हतं, तेही आज घेतो. त्याच १९५२ साली सिंगापूरला पहिली आशियाई टेबल टेनिस स्पर्धा झाली. तिथे महिला एकेरी जिंकली भारताच्या गूल नासिकवाला यांनी. वर महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरीही जिंकली. आडनावातच नाशिक असलेली ही बाई आपल्या किती जणांना माहीत आहे? मला तरी त्या रात्रीपर्यंत नव्हती.

पहिलं जागतिक विजेतेपद अठ्ठाविसाव्या वर्षी

रोझेआनुची कहाणी 'सहा वेळा जिंकली' एवढ्यावर सोडली तर मी पुन्हा तीच चूक करीन. म्हणून जरा आधीचं सांगतो.

तिचा जन्म १९२१ सालचा, बुखारेस्टचा. लहानपणी आजारपणातून उठताना विरंगुळा म्हणून भावासोबत घरच्या जेवणाच्या टेबलावर ती हा खेळ शिकली. १९३६ साली, अजून पंधरा वर्षांची होण्याआधीच किंवा नुकतीच झालेली असताना, ती रोमानियाची राष्ट्रीय विजेती झाली. आणि पहिलं एकेरीचं जागतिक विजेतेपद कधी? १९५० साली. मध्ये चौदा वर्षं गेली.

त्या चौदातली चार वर्षं तिच्याकडून हिरावून घेतली गेली. ती ज्यू होती. १९४० ते १९४४ या काळात तिला खेळायला बंदी होती, व्यायामशाळेत पाऊल ठेवायलासुद्धा मनाई होती. त्या काळाची तुलना मी आपल्या 'सध्या मार्केट डाउन आहे'शी करणार नाही. तशी तुलना करणं चूक ठरेल. मला फक्त पुढचं सांगायचंय. बंदी उठल्यावर ती परत टेबलाजवळ गेली आणि जिथे थांबली होती तिथून खेळायला लागली. पहिलं एकेरीचं जागतिक विजेतेपद मिळालं तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. मुंबईत खेळली तेव्हा तिशीची.

आपल्या बॅचमध्ये चाळिशीतल्या ताई येतात आणि पहिलं वाक्य असतं, "सर, आता उशीर झाला नं." मुलं मोठी करण्यात, सासू-सासऱ्यांचं करण्यात दहा-बारा वर्षं गेलेली असतात. त्यांना मी आता सातो नाही, रोझेआनु सांगतो.

मग नवीन काही करायचंच नाही का?

हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे, आणि तो बरोबर आहे. 'जे चाललंय तेच चालू द्या' असं सांगून मी मोकळा झालो तर ते आणखी धोक्याचं. त्यासाठी महिला एकेरीतलाच एक किस्सा सांगतो.

१९३७ साल, ऑस्ट्रियातलं बाडेन. अंतिम सामना अमेरिकेची रुथ आरन्स आणि ऑस्ट्रियाची ट्रुडी प्रित्झी यांच्यात. आरन्स आदल्या वर्षीची जगज्जेती. दोघीही जपून खेळत होत्या. चेंडू नुसता परत, परत, परत. समोरचीने चूक करावी म्हणून ही थांबली, हिने करावी म्हणून ती. सामन्याला वेळेची मर्यादा होती. वेळ संपली. निकाल काय लागला? कोणीच नाही! त्या वर्षी महिला एकेरीचं विजेतेपद रिकामं ठेवलं. पुढे २००१ साली, म्हणजे चौसष्ट वर्षांनी, दोघींना संयुक्त विजेत्या जाहीर केलं. तोवर दोघीही हयात नव्हत्या.

हा किस्सा वाचला आणि मला आपल्या सीताबर्डीतल्या, महालातल्या कितीतरी दुकानांचे चेहरे आठवले. बाजूच्याने भाव वाढवला की मी वाढवीन. बाजूच्याने होम डिलिव्हरी सुरू केली की बघू. दोघंही एकमेकांकडे बघत बसतात आणि गिऱ्हाईक तिसऱ्याकडे जातं. याला सातत्य म्हणत नाहीत, याला नुसतं बसणं म्हणतात.

आता आपल्या काळातलं उदाहरण घ्या. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मनिका बत्राने महिला एकेरीचं सुवर्ण जिंकलं. असं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. उपांत्य फेरीत सिंगापूरच्या फेंग तियानवेईला तिने ४-३ असं हरवलं आणि अंतिम फेरीत सिंगापूरच्याच यू मेंग्यूला ४-०. मनिकाच्या बॅटच्या एका बाजूला लांब दाण्यांचं रबर असतं. त्यावरून चेंडू भलताच होऊन परत जातो, वेग मरतो, समोरचा गोंधळतो. म्हणजे तिच्याकडेही एक 'स्पंज' आहेच की!

पण ते रबर तिने गोल्ड कोस्टला जाताना विमानतळावर विकत घेतलं नव्हतं. कित्येक वर्षं ती त्यानेच खेळत होती. त्याच रबराने खेळून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती पहिल्याच फेरीत हरली होती. तरी सोडलं नाही. कोणत्या चेंडूला कुठली बाजू वापरायची, बॅट हातात कधी फिरवायची, हे अंगात मुरलं तेव्हा त्या रबराचं शस्त्र झालं.

म्हणजे वेगळेपण पाहिजेच. पण ते तुमच्या रोजच्या खेळाला जोडलेलं पाहिजे. ताईंचं वॅफल त्यांच्या डब्याला कुठेच जोडलेलं नव्हतं. गिऱ्हाईक वेगळं, वेळ वेगळी, हात वेगळा. आणि तो हात मी बदलायला लावला.

युक्ती सगळ्यांची होते, नियमही बदलतो

स्पंजचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. मुंबईनंतर जगभर प्रयोग सुरू झाले. सातोकडे जे एकट्याकडे होतं ते बघता बघता अनेकांकडे आलं. मग १९५९ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम केला: उघडा स्पंज बंद. वर दाणेदार रबर हवं आणि रबर-स्पंज मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या वर नको. आज तुमच्या पोराच्या हातात जी बॅट आहे ती याच नियमातली.

कुठल्याही युक्तीच्या वाटेवर ही दोन स्टेशनं येतातच. आधी सगळे ती उचलतात, मग कधीतरी नियम बदलतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हा केवळ कॅरीबॅगच्या धंद्यावर उभे असलेले लोक आठवा. ज्यांच्याकडे दुकानदारांशी वर्षानुवर्षांचं नातं होतं ते कागदी आणि कापडी पिशव्यांकडे वळले. ज्यांच्याकडे फक्त स्वस्त माल होता ते अडकले.

आणि हो, रोझेआनुचीही मालिका एक दिवस संपली. १९५६ साली टोकियोत जपानच्या तोमिए ओकावाने महिला एकेरी जिंकली. कायमचं कोणीच नसतं. पण एक वर्ष आणि सहा वर्षं यात फरक आहे. आपल्या छोट्या धंद्यात सहा वर्षं म्हणजे कर्ज फिटणं, पोरीचं इंजिनिअरिंग पूर्ण होणं आणि स्वतःचा गाळा घेणं.

या आठवड्यात एवढं करा

वही घ्या. मोबाइल नको, वहीच. तीन गोष्टी लिहा.

पहिली: मागच्या महिन्यात जेवढी विक्री झाली, त्यातली परत आलेल्या गिऱ्हाइकांकडून किती? अंदाज नको, नावं लिहा. निम्म्याहून जास्त असेल तर तुमचा 'रोजचा फटका' पक्का आहे. तो कोणता हे एका ओळीत लिहा. ताईंची ओळ होती: 'पथ्याचा डबा, साडेबाराला.'

दुसरी: नवीन जे करायचं मनात आहे ते याच गिऱ्हाइकाला, याच वेळेत, याच हाताने देता येईल का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर तो दुसरा धंदा आहे. दुसरा धंदा करायला हरकत नाही, पण त्याला पहिल्याचं भांडवल आणि पहिल्याचा वेळ लावू नका.

तिसरी: नवीन गोष्ट तीन महिने करून पाहायला किती पैसे लागतील आणि ते सगळे बुडाले तर पहिला धंदा हलेल का? हलणार असेल तर रक्कम कमी करा. कर्ज काढून मशीन घेण्याआधी महिनाभर भाड्याच्या मशीनवर काम करून पाहा. हे मी ताईंना तेव्हा सांगायला हवं होतं.

शेवटचं

ताईंचे डबे आता पुन्हा पन्नाशीच्या वर गेलेत. मागच्या महिन्यात भेटल्या तेव्हा पिशवीतून एक डबा काढून दाखवला. कडीला हिरवी दोरी बांधलेली.

"हिरवी म्हणजे शुगरवाला. पिवळी म्हणजे बिनमिठाचा. पांढरी म्हणजे पातळ खिचडी. आता पोरगा वाटायला गेला तरी डबा चुकत नाही. सिस्टरपण म्हणतात, तुमचा डबा ओळखू येते."

दोरीचं एक रीळ, दहा-वीस रुपयांची गोष्ट. मी त्यांना म्हटलं, "ताई, हाच तुमचा स्पंज." त्या हसल्या. "आता नका सांगू सर ते. त्या बाईची गोष्ट सांगा."

तर मित्रांनो, चॅनलवरचा तो जुना व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही. चूक लपवून काय होणार? पण येत्या शनिवारी त्याचा दुसरा भाग येतोय, आणि त्यात सुरुवात सातोपासून नाही, रोझेआनुपासून आहे. बॅचला येणाऱ्यांनी वही भरून आणा. कोऱ्या वहीवाल्यांना मी त्या दिवशी चहा पाजणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

भेटू या रामदासपेठेत.